हजेरीवहीतली नावं

आमच्या दुकानात पगार आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. ही पद्धत अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. बाजारादिवशी कामगाराच्या हातात पैसा नसला तर त्याच्या घरात आठवडाभर भाजी उधारीवर येते, असं त्यांचं म्हणणं. दुपारी चारच्या सुमाराला ते हजेरीवही उघडतात, खाडे मोजतात, उचल वजा करतात आणि एकेकाला हाक मारतात. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी दुकानात बसायला लागलो तेव्हा त्या वहीत तीन नावं होती. माझं नव्हतं, आणि पुढं कित्येक वर्षं नव्हतं. मला पैसे लागले की मी गल्ल्याकडं बघायचो आणि अण्णा मान हलवायचे. मित्राच्या लग्नाला जायचं असो की मोबाइल घ्यायचा असो, कारण सांगावं लागायचं. कधी कुरकुर केलीच तर उत्तर ठरलेलं होतं, "अरं, तुझंच तर हाय सगळं."

हे वाक्य बापाबरोबर धंदा करणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. त्यात खोटं काही नसतं. अडचण एवढीच की सगळंच आपलं असलं की त्यातलं आपलं म्हणून मोजून दाखवता येईल असं काहीच उरत नाही.

आमचा धंदा मोटारी भरण्याचा, म्हणजे जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग नव्यानं करण्याचा. गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. कृष्णेच्या काठानं मैलोन्‌मैल ऊस, आणि उसाला पाणी द्यायचं म्हणजे नदीवर, विहिरीवर, बोअरवर मोटार आली. जवळच किर्लोस्करवाडी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर तिथं कारखाना उभा केला, लोखंडी नांगर केले आणि पुढं त्या गावाचं नाव पंपांशी जोडलं गेलं. आमच्या भागात त्यामुळं लेथ, कास्टिंग, इंपेलर हे शब्द शेतकऱ्याच्याही तोंडात असतात. अण्णा मात्र कारखान्यात गेले नाहीत. दहावीनंतर सांगलीत एका वाइंडिंगच्या दुकानात हेल्पर म्हणून राहिले आणि नव्वदीच्या दशकात गावात स्टँडजवळ गाळा घेऊन स्वतःचं दुकान टाकलं. लोक त्यांना मिस्त्री म्हणतात. मी अजूनही "बारका मिस्त्री" आहे, डोक्यावरचे केस विरळ झाले तरी.

मोटारी का जळतात हे समजून घ्यायचं तर विजेचं वेळापत्रक बघावं लागतं. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, पुष्कळ ठिकाणी पाळीपाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला अंधारात, सापाकिरड्यातून विहिरीवर जाऊन बटण दाबायला कोण जाणार? म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो बसवतो. वीज आली की त्या डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि व्होल्टेज झोपतं. त्यातच कुठं फ्यूज उडाला की एक फेज जातो. मोटार उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहते, तापते आणि मालक झोपेत असतानाच जळून जाते. सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात ट्रॅक्टर उभा असतो आणि ट्रॉलीत मोटार.

अण्णा जळालेली मोटार उघडतात ते आधी नुसती बघायला. फेज जाऊन जळालेली मोटार स्टार जोडणीची असेल तर तीनपैकी दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि तिसऱ्याच्या कोऱ्या राहतात. डेल्टा असेल तर उलटं, एक फेज काळा आणि दोन बरे. सगळं वाइंडिंग सारखंच करपलं असेल तर लोड जास्त पडला किंवा व्होल्टेज कमी होतं. आणि एकाच स्लॉटाशी ठिपका पडून तांबं वितळलं असेल तर तिथलं इन्सुलेशन गेलं. मालक शपथेवर सांगत असतो, "मिस्त्री, काय बी केलं न्हाई, आपोआप बंद पडली." अण्णा कॉइलवरून बोट फिरवतात आणि विचारतात, "फ्यूजच्या जागी जाड तार कुणी घातली?" तो हसतो. तार त्यानंच घातलेली असते.

कॉलेजात मी याच गोष्टीचं गणित शिकलो होतो. स्टारमध्ये एक फेज तुटला तर करंट कुठून कसा वाहतो हे कागदावर मांडून दाखवलं होतं, मार्कही मिळाले होते. त्या गणिताचा काळा रंग मी पहिल्यांदा दुकानात पाहिला. अण्णांना ते गणित येत नव्हतं, पण रंगावरून ते उलट्या दिशेनं तिथंच पोचायचे. दुसरं उदाहरण जुनं वाइंडिंग काढण्याचं. बरीच दुकानं मोटारीत रॉकेल ओतून किंवा लाकडं पेटवून वाइंडिंग जाळतात, मग ते पटकन सुटतं. अण्णांनी आमच्याकडं हे कधी होऊ दिलं नाही. छिन्नीनं एक बाजू कापायची, बेताची ऊब द्यायची आणि हुकानं ओढून काढायचं. वेळ दुप्पट लागतो. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जाळलेली मोटार नंतर गरम चालती." कारण मला पुस्तकातून माहीत होतं. स्टॅम्पिंगच्या पातळ पत्र्यांमधला लेप जास्त उष्णतेनं जातो, पत्रे एकमेकांना भिडतात आणि लोखंडातच वीज वाया जाऊन उष्णता होते. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बरोबरच करत होतो की." पुढं हेच स्पष्टीकरण ते गिऱ्हाइकांना देऊ लागले, माझ्यापेक्षा सोपं करून.

इथपर्यंत सगळं गोड आहे. बापाकडून विद्या मिळाली, बापाला पुस्तकी आधार दिला, असं कुणीही सांगेल. पण बापाबरोबर काम करण्यातला खरा ताण विद्येत नसतो, तो दिवस कधी संपतो यात असतो.

पाणबुडी मोटार भरायची म्हणजे दोन माणसं लागतात. तिचे स्लॉट बंद असतात. साध्या मोटारीसारखी कॉइल बाहेर तयार करून वरून बसवता येत नाही. प्लास्टिकचं आवरण असलेली तार एका तोंडातून सरकवायची, दुसऱ्या तोंडातून ओढून घ्यायची आणि शेजारच्या स्लॉटातून परत पाठवायची. असे सगळे वेढे. तार कुठं घासली, आवरणाला चरा गेला, तर पाण्यात उतरल्यावर मोटार शॉर्ट होणार. म्हणून ओढणारा घाई करत नाही आणि सोडणारा हात सैल ठेवतो. माझी आणि अण्णांची जोडी या कामात चांगली जमली. स्टेटर मध्ये आडवा, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. घरात आमचं बोलणं "जेवलास का" आणि "लाईट बंद कर" यापलीकडं जायचं नाही. इथं दोन-दोन तास समोरासमोर बसल्यावर ते सांगलीतल्या दिवसांबद्दल बोलायचे. दुकानातच पोतं अंथरून झोपायचे, मालकाच्या नकळत जुन्या मोटारीचे वेढे मोजून वहीत टिपून ठेवायचे, ते सगळं मला तिथंच कळलं. ती वही आजही दुकानात आहे. एचपी, स्लॉट, गेज, वेढे, पिच, जोडणी. कंपनीच्या कागदात न सापडणारी कित्येक जुनी मॉडेलं तिच्यात सापडतात.

पण शटर ओढल्यावर दुकान आमच्या मागून घरात यायचं. ताट वाढेपर्यंत अण्णा विचारणार, अमक्याच्या मोटारीला वॉर्निश दिलं का, तमक्याचं बेअरिंग आणलं का. मी ताटावर बसून कामाचा हिशेब द्यायचो आणि सकाळी दुकानात ते मला सगळ्यांदेखत "रात्री किती वाजता आलास?" विचारायचे. साहेबाचं बोलणं घरात आणि बापाचं दुकानात. आईची यात वेगळीच अडचण. ती दुपारी घरकाम उरकून स्लॉटात घालायचा इन्सुलेशनचा लेदरॉइड पेपर कापायची. स्लॉटाच्या लांबीएवढ्या पट्ट्या, दोन्ही टोकांना दुमड, ढिगाचे ढीग. आम्ही दोघं एकमेकांवर धुसफुसत जेवलो की त्या पट्ट्यांचा ढीग बाजूला सारून ती म्हणायची, "दुकान तिकडं ठेवून येत जावा."

भांडणाचं दुसरं कारण पैसा. आमच्याकडं उधारीचं वर्ष दिवाळीनं किंवा मार्चनं ठरत नाही, उसाच्या बिलानं ठरतं. ऊस कारखान्याला गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यावी असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात पैसे पुष्कळदा हप्त्यानं येतात, आणि शेतकऱ्याच्या यादीत सोसायटी, खत, शाळेची फी यांच्यामागं मोटारवाला उभा असतो. तांब्याच्या तारेचे पैसे मात्र आम्हाला सांगलीच्या व्यापाऱ्याला वेळेवर द्यावे लागतात. त्यात अण्णांचा दर माणूस बघून ठरायचा. पाच एचपीची तीच मोटार एकाला एका भावात, दुसऱ्याला दुसऱ्या. ज्याचं पीक गेलं त्याला कमी, ज्यानं नवी गाडी घेतली त्याला पुरेपूर. निघालेलं जुनं तांबं बिलात वळतं करून घ्यायचं की नाही, हेही तोंड बघून. मला हे पटत नव्हतं. स्वस्तात भरून देणारे काही जण तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमची तार घालतात. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांएवढीच वीज वाहतं, त्यामुळं त्याच जागेत ती मोटार तापणारच. अशांच्या शेजारी बसून आपण शुद्ध तांबं घालतो, तर तारेचं वजन, मजुरी, सामान असं वेगवेगळं बिल द्यावं, सगळ्यांना सारखं, असं माझं म्हणणं. अण्णा म्हणायचे, "कागद बघून कोण मोटार टाकत न्हाई, माणूस बघून टाकतंय."

आम्ही दोघंही थोडे थोडे बरोबर होतो. पण मला बोलायला जागा नव्हती. नोकर मालकाला सांगू शकतो की हा व्यवहार परवडत नाही. भागीदारही सांगू शकतो. मी दोन्ही नव्हतो, मुलगा होतो, आणि मुलानं दराचा विषय काढला की तो बापाच्या स्वभावावर बोट ठेवतो.

गाठ सुटायला निमित्त झालं लग्नाचं. आमच्याकडं स्थळाची पहिली चौकशी "मुलगा काय करतो?" ही असते आणि "वडिलांचं दुकान आहे" हे तिचं उत्तर ठरत नाही. पाहुणे लगेच पुढचं विचारतात, "व्हय, पण ह्यो काय मिळवतो?" कारखान्यात कंत्राटावर लागलेल्या मुलाकडं पगाराची पावती होती, माझ्याकडं नव्हती. दोन खोल्या वर चढवायला कर्ज मागितलं तेव्हा बँकेनंही तोच प्रश्न छापील अर्जावर विचारला. रकान्यात लिहिण्यासारखा आकडा माझ्याकडं नव्हता.

मी एका बाजारादिवशी, बाकीच्यांचे पगार झाल्यावर, अण्णांना म्हणालो की माझंही नाव हजेरीवहीत घाला. त्यांनी वही मिटली. मग दोन-तीन दिवस कामापुरतंच बोलले. त्यांना वाटलं मी वाटणी मागतोय. चुलत्यांकडून त्यांच्या कानावर "पोरगा आत्ताच हिशेब मागतोय" असंही गेलं. मला मध्यस्थ मिळाले ते आमचे कर सल्लागार. त्यांनी सरळ सांगितलं की खरोखर काम करणाऱ्या मुलाला वाजवी पगार दिला तर तो धंद्याचा खर्च धरता येतो, मुलगा स्वतःचं विवरणपत्र भरू शकतो आणि बँक ते मानते. भावनेनं न सुटलेली गोष्ट खर्चाच्या रकान्यानं सुटली. पुढच्या आठवड्यात अण्णांनी नाव लिहिलं आणि अटीही सांगितल्या. नऊला यायचं. रजा विचारून घ्यायची. गल्ल्याला हात लावायचा नाही. उचल घेतली तर कापली जाईल.

मला वाटलं होतं पैशाचा प्रश्न सुटेल. तो सुटलाच, पण मोठा फरक दुसरीकडं पडला. अण्णांना माझ्यावर साहेबासारखं ओरडता येऊ लागलं आणि ते ओरडणं सहा वाजता संपू लागलं. पूर्वी माझ्या कामातली कसर म्हणजे त्यांच्या संस्काराची कसर असायची. आता ती नुसती कामातली कसर झाली. मलाही दराबद्दल बोलता येऊ लागलं, कारण माझा पगार त्या दरातूनच निघायचा. हळूहळू छापील बिलबुक आलं. तारेचं वजन आणि मजुरी वेगळी लिहिली जाऊ लागली. त्याच्या खाली अण्णांनी एक ओळ स्वतःसाठी राखून ठेवली, सूट. ती कुणाला किती द्यायची हे तेच ठरवतात, मी विचारत नाही. पण ती आता लिहिली जाते.

त्या ओळीचा अर्थ मला 2019 च्या पुरात कळला. ऑगस्टात कृष्णा चढली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या तालुक्यात भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ ही नदीकाठची गावं पाण्यात गेली. नदीवरच्या मोटारी लोक पाणी वाढायला लागलं की वर ओढतात, पण इतकं वर येईल असं कुणाच्या हिशेबात नव्हतं. पूर ओसरल्यावर दुकानासमोर रस्त्याच्या कडेनं मोटारींची रांग लागली. गाळानं भरलेल्या, काहींच्या पंख्यात गवत अडकलेलं. पुरातली मोटार बुडाली म्हणजे जळाली असं नाही, घाईघाईनं वीज दिली तर मात्र जळते. ती खोलायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, उन्हात आणि मोठ्या बल्बांच्या उबेत वाळवायची, इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरचा काटा चढेपर्यंत थांबायचं, मग वॉर्निश द्यायचं, बेअरिंग बदलायचं. आम्ही रात्रीपर्यंत हेच करत होतो.

अण्णांनी जाहीर केलं की पुरातल्या मोटारीला मजुरी घ्यायची नाही, सामानाचे तेवढे घ्यायचे. पूर्वी असतं तर आम्ही सगळे गप्प बसलो असतो, घरखर्चाला महिनाभर ओढाताण झाली असती आणि ती नेमकी कशानं झाली हे कुणाला सांगता आलं नसतं. त्या बाजारादिवशी त्यांनी वही उघडली आणि सगळ्यांना पूर्ण पगार दिला, जादा वेळेचाही, मलाही. पैसे त्यांनी स्वतःच्या ठेवीतून काढले होते. मी म्हणालो, माझा राहू दे. ते म्हणाले, "सूट माजी हाय. तू कशाला भरतूस?" तोवर मी त्यांच्या उदारपणाला अव्यवहार म्हणायचो. त्या दिवशी तो पहिल्यांदा त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेला आणि मला त्याची किंमतही कळली, मोठेपणही.

आता धंदा पुन्हा बदलतोय. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यानं 2024 पासून वीजबिल माफ केलं आहे आणि दुसरीकडं सौर पंप झपाट्यानं बसत आहेत. सौर पंपाला योजनेतून पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते, त्यामुळं तो आमच्या दारात लगेच येत नाही. तो दिवसाच चालतो, त्यामुळं रात्रीचा ऑटो, उडालेला फ्यूज, झोपेत जळालेली मोटार, हेही त्याच्या बाबतीत संपतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. आम्हाला मात्र हमी संपल्यावरच्या कामाची, कंट्रोलरच्या दुरुस्तीची तयारी आतापासून करावी लागते. ते शिकणं माझ्याकडं आलंय. अण्णा कंट्रोलरचं झाकण उघडून आतली पाटी बघतात आणि म्हणतात, "ह्यात काळं काय दिसत न्हाई, ओळखायचं कसं?"

या नव्या कामाचे दर काढताना मी जुन्या कामाचाही खर्च पहिल्यांदा नीट मांडला. तार, वॉर्निश, बेअरिंग, भाडं, वीज, मजुरी. लेदरॉइड पेपरच्या ओळीत कागदाची किंमत लिहिली आणि कापण्याच्या मजुरीपाशी थांबलो. अण्णांना विचारलं. ते सहज म्हणाले, "त्येला काय लावायचं? घरचंच हाय की." हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत मी कित्येक वर्षं ऐकलं होतं. त्यांनाही ते बोलून झाल्यावर जाणवलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बघ बाबा, किती लावायचं ते तिलाच विचार."

आईला महिन्याचा पगार नको होता. पावसाळ्यात काम नसतं तेव्हा फुकटचे पैसे घेतल्यासारखं होतं, म्हणाली. तिनं मोटारीमागं दर मागितला, पाणबुडी मोटारीला टेप गुंडाळायच्या कामाला वेगळा, आणि चार पट्ट्या जास्त लागणाऱ्या मोठ्या मोटारीला वेगळा. अण्णांनी नेहमीप्रमाणं थोडं कमी करायला बघितलं. तिनं मागच्या सगळ्या वर्षांचा विषय काढला आणि घासाघीस तिथंच संपली. दिवाळीला तिनं दर वाढवून घेतला. मला माझ्या पगारात अजून वाढ मागायची आहे, आणि ती कशी मागायची हे मी तिलाच विचारणार आहे.